पंपाला किती टाकायचं?

मराठीतलं सर्वांत चांगलं गद्य कुठे छापून येतं, हा प्रश्न साहित्य संमेलनाच्या परिसंवादात कधी निघत नाही. निघाला तर उत्तर ऐकून पहिल्या दोन रांगा चहाला उठतील. माझ्या मते ते सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर असतं, लसीकरणाच्या तक्त्याशेजारी. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. ढवळा. जुलाब झालेल्या मुलाला थोडं थोडं पाजत राहा.

संपलं. प्रस्तावना नाही, मनोगत नाही, 'आजच्या धकाधकीच्या जीवनात' नाही. आकडे सोडले तर विशेषणं दोनच, 'स्वच्छ' आणि 'सपाट', आणि दोन्ही कामाची. त्यातही 'सपाट' जास्त. आपल्या घरातला चमचा डब्यातून बाहेर येतो तो शीग लावूनच. सपाट चमचा म्हणजे चिक्कूपणा, अशी आपली समजूत. साखरेची शीग चढली तर जुलाब वाढू शकतात. मिठाची चढली तर तान्ह्या मुलाच्या रक्तातलं सोडियम चढतं आणि मग प्रकरण चमच्यावर राहत नाही. उद्या भिंत रंगवणाऱ्याला जागा कमी पडली आणि त्याने हाच शब्द गाळला, तर वाक्य आणखी सोपं होईल आणि मूल आणखी आजारी.

त्याच दवाखान्याच्या आतल्या कपाटात त्याच भाषेतलं दुसरं गद्य फायलीला टोचून ठेवलेलं असतं. 'उपरोक्त विषयाच्या अनुषंगाने कळविण्यात येते की, संबंधितांनी नियमानुसार आवश्यक ती कार्यवाही तात्काळ करून तसा अहवाल सादर करण्यात यावा.' यातला संबंधित म्हणजे कोण, आवश्यक म्हणजे काय आणि तात्काळ म्हणजे कोणत्या वारी, हे सांगणाऱ्याला माझ्याकडून मिसळ. तर्री वेगळी.

या भाषेला नावं ठेवणं हा मराठी सदरलेखकाचा पिढीजात धंदा आहे आणि त्यावर माझंही बरं चाललं आहे. पण एक गोष्ट आम्ही लोक वाचकांपासून लपवून ठेवतो. ते वाक्य वाईट लिहिलेलं नाही. ते ज्या कामासाठी लिहिलं ते काम चोख करतं. काम हे की उद्या पूल पडला, गाव बुडालं, धान्य कुजलं, तर त्या कागदावरून कोणालाही धरता येऊ नये. त्याऐवजी 'तलाठ्याने सोमवारपर्यंत पंचनामा करून तहसीलदारांकडे द्यावा' असं लिहून बघा. मंगळवारी सकाळी कोणीतरी सापडतो. साध्या भाषेची खरी ताकद इथे आहे. ती कळते, हे ठीकच. पण ती लिहिणाऱ्याला आणि करणाऱ्याला दोघांनाही पकडून देते, म्हणून कचेरीत ती नकोशी असते. शब्दसंग्रह कमी पडतो म्हणून साहेब अवघड लिहितात, असं समजणारे भोळे आहेत. हेच साहेब घरी दूधवाल्याला चिठ्ठी लिहितात तेव्हा 'उद्या दोन पिशव्या' एवढंच लिहितात, आणि ती कार्यवाही तात्काळ होते.

अमेरिकेत तर २०१० साली यासाठी कायदाच झाला. सरकारी खात्यांनी लोकांना समजेल अशा भाषेत लिहावं, असं फर्मान संसदेने काढलं आणि ओबामांनी त्यावर सही केली. कायदा छोटा आहे, भाषा बरी आहे. त्याच्या शेवटी शेवटी एक कलम आहे: या कायद्याचं पालन झालं की नाही, याची कोर्टात तपासणी होणार नाही. म्हणजे सरकारी पत्र डोक्यावरून गेलं म्हणून तुम्ही दावा लावू शकत नाही. हे कलम मात्र पहिल्या वाचनात समजतं.

असो. अवघडवाल्यांवर एवढं पुरे. हल्ली मला जास्त धास्ती वाटते ती सोपेवाल्यांची.

हा नवा पंथ आहे. 'सोप्या भाषेत सांगायचं तर' हा त्यांचा नमस्कार. सगळं पाच मुद्द्यांत, प्रत्येक मुद्द्यापुढे चित्र, चित्रात हसणारं कुटुंब. विम्याची कागदपत्रं असोत की मधुमेहाचं पथ्य, त्यांना वाटतं की शब्द लहान केले, वाक्यं तोडली, अक्षर मोठं केलं की काम झालं. याच पंथाची एक गोडबोली शाखा यूट्यूबवर स्वयंपाक शिकवते. 'तर आता आपण यामध्ये छान असा बारीक चिरलेला कांदा ॲड करून घेणार आहोत आणि मस्तपैकी परतून घेणार आहोत.' कांदा घालून परता. बाकीचे शब्द कशासाठी होते? कांदा करपेपर्यंत वेळ काढायला. गोड बोलणं आणि सोपं सांगणं यांत फरक आहे, हे त्या कांद्याला विचारा.

पण या पंथाचा खरा घोटाळा भाषेत नाही, हिशेबात आहे. त्यांना वाटतं, अवघड गोष्ट सोपी करून लिहिली की तिच्यातला अवघडपणा नाहीसा होतो. तो होत नाही. तो सरकतो. कागदावरून उठतो आणि दुसऱ्या कोणाच्या तरी डोक्यावर जाऊन बसतो. सोपी सूचना वाचली की मी आता भाषा बघत नाही. अवघडपणा कुठे गेला, ते शोधतो.

उदाहरण घरातलंच घ्या. 'तीन शिट्ट्या.' मराठी स्वयंपाकघरातली ही सर्वांत आखूड आणि सर्वांत यशस्वी सूचना. फोनवरून पुण्याच्या होस्टेलवर जाते, व्हिडिओ कॉलवरून न्यू जर्सीला जाते आणि दोन शब्दांत वरण शिजवते. आता कुकरच्या आत काय चालतं ते बघा. दाब वरच्या वजनाला पेलेनासा झाला की वाफ निसटते, ती शिट्टी. त्या वेळी आतलं तापमान साधारण १२० अंशांपर्यंत गेलेलं असतं आणि त्यापुढे, गॅस कितीही मोठा केला, फारसं चढत नाही. डाळ शिजते ती त्या तापमानात काढलेल्या मिनिटांवर. शिट्ट्या मिनिटं मोजत नाहीत. त्या बाहेर गेलेली वाफ मोजतात. मोठ्या आचेवर तिन्ही पटापट होतात आणि डाळ बोटचेपी राहते. मंद आचेवर पहिलीच यायचं नाव घेत नाही. कुकरबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत हे सगळं असतं. दाब आला की आच कमी करा, मग इतकी मिनिटं ठेवा. ती पुस्तिका गॅरंटी कार्डासह पिशवीत असते, पिशवी माळ्यावर.

मग आई चुकीचं सांगते का? मुळीच नाही. तिच्या कुकरला, तिच्या शेगडीला, तिने तासभर भिजवलेल्या डाळीला 'तीन शिट्ट्या' तंतोतंत लागू आहे. बाकीचं सगळं तिच्या हातात, कानात आणि सवयीत आहे, म्हणून दोन शब्द पुरतात. ती सवय तिकडे न्यू जर्सीच्या इंडक्शनवर नसते. तिथे तेच दोन शब्द पोचतात आणि उरलेला अवघडपणा मुलगा गिळतो, कच्च्या डाळीसकट.

कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं आणि पिढ्यान्‌पिढ्यांना पुरलं, ते काही त्यातले शब्द सोपे होते एवढ्यावर नाही. वाटी-चमच्याच्या मापात जे लिहिलं ते करून बघितल्यावर जमतं, असा भरवसा त्या पुस्तकाने कमावला. मोजामापाची कटकट बाईंनी आपल्या ओट्यावर सोसली, म्हणून ती वाचणारीच्या ओट्यावर आली नाही. आणि जिथे ती सोसता येत नाही तिथे कुठलाही प्रामाणिक पाककृतीकार शरण जातो. 'खमंग वास येईपर्यंत भाजा.' आता हा वास कसा लिहायचा? रवा किती मिनिटं भाजायचा, हे लिहिता येतं, पण कढईच्या बुडाचा पत्रा आणि शेगडीची ज्योत सांगितल्याशिवाय त्या मिनिटांना अर्थ नाही. 'चवीनुसार मीठ' यावर विनोद करणारे खूप आहेत. मला तो सूचनासाहित्यातला सर्वांत सचोटीचा शब्दप्रयोग वाटतो. इथून पुढचं तुझ्या जिभेवर, असं तो उघड सांगतो. माझी तक्रार न सांगता सरकवणाऱ्यांबद्दल आहे.

आता साधेपणाचा जगभर गाजलेला विजय बघू. १९३५ च्या ऑक्टोबरमध्ये ओहायोतल्या राइट फील्डवर बोइंग कंपनीचं नवं बॉम्बफेकी विमान चाचणीसाठी उडालं आणि लगेच कोसळलं. विमानात दोष नव्हता. जमिनीवर उभं असताना वाऱ्याने शेपटीचे पंख हलू नयेत म्हणून लावलेला अटकाव उड्डाणाआधी काढायचा राहिला होता. वैमानिक नवखा नव्हता, चांगला मुरलेला होता. विमानच एका माणसाच्या आठवणीत मावण्याइतकं साधं राहिलं नव्हतं. त्यातून वैमानिकांची तपासयादी आली: छोट्या ओळी, एकेक कृती, भाषण नाही.

यादीची हीच कल्पना शस्त्रक्रियेच्या खोलीत नेली अतुल गावंडे यांनी. सर्जन, लेखक, राहणार बोस्टन. वडिलांचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं उटी. जागतिक आरोग्य संघटनेची १९ मुद्द्यांची यादी २००८ मध्ये आली. रुग्ण हाच ना, कापायची बाजू हीच ना, प्रतिजैविक दिलं ना, बोळे मोजले ना. आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून बघितली. मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं. एक कागद, एकही अवघड वाक्य नाही, आणि माणसं वाचली. सोपेवाल्यांनी ढोल वाजवावेत असाच प्रसंग.

मग कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताने ही यादी किती पाळली जाते, हे जाहीर कळवणं रुग्णालयांना बंधनकारक केलं. १०१ रुग्णालयांचे आकडे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. मृत्यूंमध्ये दखल घ्यावी असा फरक पडला नव्हता. कागद तोच होता, मजकूर जवळपास तोच. यादी भरली जात होती, हे रुग्णालयं कळवत होती. प्रत्येक खूण करताना खोलीतली माणसं खरोखर थांबून एकमेकांशी बोलत होती का, हे खूण सांगत नाही. फॉर्म भरण्याच्या कलेत आपण भारतीयच पारंगत, हा माझा अभिमान त्या दिवशी थोडा उतरला.

मूळ यादीच्या तळाला एक ओळ आहे. ही यादी परिपूर्ण नाही, आपापल्या ठिकाणच्या पद्धतीप्रमाणे तीत भर घाला, बदल करा, अशा अर्थाची. म्हणजे ज्यांनी ती लिहिली त्यांना ठाऊक होतं की कागद अर्धाच आहे. शिवाय ती यादी ज्याला ऑपरेशन येतं त्याच्यासाठी आहे. मला ती दिली तर मी सगळ्या १९ खुणा करीन आणि तुमचं अपेंडिक्स जागच्या जागी राहील.

आता पुन्हा मीठ-साखरेकडे जायला हवं, कारण भिंतीवरच्या त्या तीन घटकांमागे कोणी काय काय उचललं, याची गोष्ट कोणत्याही शैलीशास्त्राच्या पुस्तकापेक्षा सरस आहे.

१९७१. बांगलादेश युद्धातले निर्वासित, पश्चिम बंगालमधल्या बनगावची छावणी, कॉलरा. शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलेलं. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायच्या सोड्याची पुडी करून पाण्यात विरघळवून प्यायला द्यायला सुरुवात केली. पाजायचं काम नातेवाइकांकडे. मृत्यूंचं प्रमाण तिसेक टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आलं. त्या पाण्याला त्यांनी नाव दिलं 'ओरल सलाईन'. मीठ-साखरेचं पाणी म्हटलं असतं तर जास्त सोपं झालं असतं आणि कोणी प्यालं नसतं. सलाईनची पत आपल्याकडेही आहेच. बाटली लटकल्याशिवाय आजारी पडल्याचं समाधान मिळत नाही आणि बिल पटत नाही.

पण खरी कसोटी पुढे. १९८० साली बांगलादेशात फजले हसन आबेद यांच्या ब्रॅक संस्थेने ठरवलं की हे पाणी घरोघरी प्रत्येक आईला करता आलं पाहिजे. पुडी नाही, चमचा नाही, लिटरचं माप नाही, आणि बहुतेकींना वाचता येत नाही. मग माप शोधलं ते हातातच. तीन बोटांची चिमूट, पहिल्या पेरापर्यंत, एवढं मीठ. मूठभर गूळ. अर्धा शेर पाणी. आपल्या पाककृतींतली 'चिमूटभर' आणि ही चिमूट एक नव्हे. हिला पेरापर्यंतची हद्द आहे, आणि तयार पाण्यात मीठ किती उतरतं ते प्रयोगशाळेत मोजून बघितलेलं आहे. करणारीला सोपं वाटावं म्हणून कोणीतरी तिकडे नळ्या घेऊन बसलं होतं.

घरोघर जाणाऱ्या बायकांची वेतनपद्धत तर प्रत्येक पाठ्यपुस्तक मंडळाने चौकटीत लावावी अशी. किती घरं झाली यावर पगार नाही. काही आठवड्यांनी दुसराच माणूस त्यातल्या काही घरी जाणार, आईला काय आठवतं ते विचारणार, पाणी करून दाखवायला सांगणार. ते बरोबर निघालं तर शिकवणारीला पूर्ण पैसे. चुकलं तर कमी. ऐकणारीला समजलं नाही तर सांगणारीचा खिसा हलका. (हा नियम मराठी पाठ्यपुस्तकांना, बँकांच्या अर्जांना आणि सदरलेखकांना लावू नये, अशी माझी नम्र सूचना.) शिकवण्याची रीतही त्यातून सुधारली. कार्यकर्तीने करून दाखवण्यापेक्षा आईनेच आपल्या हाताने करणं बरं, हे असंच उमगलं.

एवढं करून काय झालं? आयांना पाठ झालं, बिनचूक करता येऊ लागलं, आणि घरात जुलाब लागले तेव्हा सुरुवातीला फारच थोड्या जणींनी ते वापरलं. सूचना कळली होती, पटली नव्हती. शोध घेतला तर निघालं की शिकवणाऱ्यांपैकीच बऱ्याच जणींचा त्यावर भरवसा नव्हता. स्वतःला जुलाब झाले की त्या दुकानातल्या गोळ्यांकडे वळत. मग आधी त्यांना समजावलं: जुलाबात शरीराचं काय होतं, पाणी का जातं, मीठ आणि गूळ मिळून ते परत कसं आत ओढतात. जो 'का' सोपेपणाच्या नावाखाली गाळला होता, तो परत आणावा लागला. पुरुषांना वगळून चालत नाही, हेही कळलं. बाजारातून गोळ्या आणणारे तेच. त्यानंतर वापर वाढला. १९९० पर्यंत एक कोटीहून जास्त घरं झाली. भिंतीवरची सूचना आजही तेवढीच तीन घटकांची दिसते. तिच्या पाठीमागे प्रयोगशाळा, तपासनीस, कापलेले पगार आणि दारोदार झिजलेल्या चपला आहेत, हे भिंतीवर लिहायची गरज नाही. पण 'बघा, किती सोपं लिहिता येतं' म्हणून ती भिंत दाखवणाऱ्यांनी या चपलांचा हिशेब द्यावा.

आणि आता आपल्याकडची बाटली.

कीटकनाशकाच्या लेबलावर काय असावं, हे १९७१ चे कीटकनाशक नियम ठरवतात. लेबलाच्या दर्शनी भागाचा निदान सोळावा हिस्सा व्यापेल असा एक चौकोन, कोपऱ्यावर उभा केलेला. खालच्या त्रिकोणात रंग: लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. रंगासारखी सोपी भाषा नाही, निरक्षरालाही कळते, असा यामागचा विचार. कळतेच. हिरवा म्हणजे चला, हे सिग्नलवर कळलेलं आहे. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, हे बिस्किटाच्या पुड्यावर कळलेलं आहे. बाटलीवरचा हिरवा म्हणजे 'हेही विषच, पण त्यातल्या त्यात सौम्य', हे कळण्यासाठी मात्र कोणीतरी येऊन सांगावं लागतं. निळ्याचं काय सांगावं. निळा रंग धोक्याचा, ही बातमी इतर कोणत्याही खात्याला नाही.

बाटलीबरोबर घडी घातलेलं पत्रक असतं, अनेक भाषांत, डोळ्यांच्या डॉक्टरांनी प्रायोजित केल्यासारख्या अक्षरात. त्यातल्या खबरदारीच्या सूचना मी भिंग लावून वाचल्या आहेत आणि शैलीबद्दल माझी एकही तक्रार नाही. हातमोजे, मास्क, चष्मा वापरा. अंगभर कपडे घाला. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नका. फवारणीनंतर साबणाने हातपाय धुवा. आखूड वाक्यं, नेहमीचे शब्द, आज्ञार्थ. सोपेवाल्यांच्या परीक्षेत पहिला नंबर.

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो जणांना दवाखान्यात भरती करावं लागलं. कपाशी त्या वर्षी डोक्याएवढी वाढली होती. पाठीवर पंप घेऊन तिच्यात शिरायचं म्हणजे आपल्याच फवाऱ्यात चालायचं. तेव्हा सर्वांत आधी तोंडावर आलेलं स्पष्टीकरण असं: फवारणाऱ्यांनी सूचना पाळल्या नाहीत.

या सूचना कोणाला होत्या? बाटली विकत घेतो मालक. बाटली, लेबल आणि पत्रक त्याच्याकडे किंवा बांधावर. फवारतो बऱ्याचदा रोजाने आलेला माणूस, त्याच्या पुढ्यात येतो तो ड्रम, त्यात औषध आधीच कालवलेलं. बाटलीबरोबर हातमोजे येत नाहीत. ऑक्टोबरच्या विदर्भातल्या उन्हात रबरी मोजे, मास्क आणि अंगभर कपडे घालून पंप पाठीवर घेऊन दिवसभर हिंडून दाखवा, असं आव्हान त्या पत्रकाच्या लेखकाला मी देणार नाही; तो बहुधा वातानुकूलित खोलीत असतो आणि त्याला सर्दी व्हायची. 'मोजे वापरा' हे वाक्य ज्याच्याकडे मोजे आहेत, आणि आज फवारायचं नाही असं म्हणायची ज्याला सोय आहे, अशा माणसाशी बोलतं. तो माणूस शेतात नसतो.

सरकारी पत्राला कर्ता नसतो म्हणून आपण हसतो. लेबलाला कर्ता आहे, आणि तो फक्त वाचणारा आहे. 'वापरा' म्हटलं की कंपनी सुटली, दुकान सुटलं, खातं सुटलं, मालक सुटला. साधी भाषा माणसाला पकडून देते, हे वर मी तिचं बळ म्हणून सांगितलं. इथे तिने चुकीचा माणूस पकडला.

आणि ज्या एका गोष्टीची माहिती शेतकऱ्याला खरोखर हवी असते, ती त्या बिनचूक पत्रकात त्याच्या मापात नसतेच. मात्रा दिलेली असते हेक्टरी. समजा, हेक्टरला १००० मिली, ५०० ते १००० लिटर पाण्यात. शेतकरी मोजतो एकरात, आणि प्रत्यक्षात एकरातही नाही, पंपात. १५ लिटरचा पंप धरला तर ५०० लिटरचे झाले ३३ पंप, म्हणजे पंपाला ३० मिली. १००० लिटर पाणी धरलं तर ६७ पंप, पंपाला १५ मिली. एकाच कागदातून दोन उत्तरं, एक दुसऱ्याच्या दुप्पट, आणि दोन्ही बरोबर. म्हणून शेतकरी तो कागद घडीतच ठेवतो आणि कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर विचारतो, पंपाला किती टाकायचं? दुकानदार बॉलपेनने खोक्यावर लिहून देतो: ३० एमएल. झाकणाने मोजा. बाटलीबरोबर वाचला जाणारा मजकूर एवढाच. त्याच काउंटरवर दुसरी बाटलीही 'यासोबत हे पण मारा' म्हणून सरकवली जाते. दोन्ही एकत्र कालवल्यावर काय होतं, हे एका बाटलीच्या लेबलाने सांगावं अशी अपेक्षाही करता येत नाही.

मग बाटलीवरच का छापू नये, ठळक आकड्यात, १५ लिटरच्या पंपाला एवढं? विचारलं की आक्षेप तयार. पंप सगळे १५ लिटरचे नसतात. पाठीवरच्या हातपंपाला पाणी जास्त लागतं, पेट्रोलवर चालणाऱ्याला कमी. नोझल वेगळं, चालण्याचा वेग वेगळा, कपाशी गुडघ्याएवढी की डोक्याएवढी यावर सगळं बदलतं. एक आकडा देणं शास्त्रीय होणार नाही. मुद्दा शंभर टक्के मान्य. म्हणजे कृषीच्या पदव्या, प्रयोगशाळा आणि कायदा विभाग हाताशी असताना ज्यांना हे गणित एका आकड्यात बसवायची हिंमत होत नाही, त्यांनी ते ड्रमाच्या काठाशी उभ्या असलेल्या माणसाला झाकणाने सोडवायला दिलं आहे, आणि वर लिहिलं आहे: पत्रक काळजीपूर्वक वाचा.